मिटलेलं प्रवाळ

‘गेला. टाका.’

एवढं म्हणून काका माशी उडवावी तसा हात हलवायचे. मी बाजारातून आणलेल्या पापलेटाचा कल्ला अंगठ्याने नुसता उचलायचे आणि निकाल द्यायचे. माशापुरतं ठीक होतं हो, पण माझा मिक्सर, जिन्यातला दिवा, आमच्या ह्यांची स्कूटर, सगळ्यांचा निकाल तसाच. असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. राग येतो, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं.

काका घिवलीचे, सगळा जन्म होडीवर गेलेला. काकींना लकवा झाला तेव्हा दवाखाना जवळ हवा म्हणून बोईसरला आमच्या समोरच्या खोलीत राहायला आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकींच्या तोंडातून चार-दोनच शब्द यायचे, त्यातला एक ‘दर्या’. खिडकीतून दिसायची कंपन्यांची धुराडी.

म्हणून काकांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली आणि काकींना पडल्या पडल्या दिसेल अशी ठेवली. दुकानदाराने मिठाची पाकिटं दिली तेव्हा म्हणाले, ‘दर्या आता मी पुडीतनं करू?’ कुरकुरत का होईना, केला. नारिंगी माशांची एक जोडी सोडली. काकी घटकाभर बघायच्या आणि तोंड भिंतीकडे फिरवायच्या.

मग पहिलं मऊ प्रवाळ आलं. दगडावर उगवलेली फिकट अळंबीच जणू. काकींच्या सलाईनची एक नळी धुऊन ठेवलेली होती. तिच्यातून काकांनी टाकीतलं पाणी थेंब थेंब करून प्रवाळाच्या पिशवीत सोडलं, त्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. इतकं हळू काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या अळंबीच्या टोपीवर बारीक बारीक बोटं उघडली आणि पाण्याबरोबर डुलायला लागली. काकी हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या, आणि आपणहून पेज मागितली. मला तिथेच रडू आलं. मग रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, ‘उघडला?’

एका सकाळी नाही उघडला. नंतरही नाही. प्रवाळ आक्रसलं, अंगावर पांढुरकी बुळबुळीत साय धरली. काकी म्हणायच्या, ‘निजलाय.’ काकांनी वाकून पाण्याचा वास घेतला आणि हात हलवला.

‘गेला.’

‘दुकानात विचारून तरी बघा,’ मी म्हटलं.

‘पोरी, जन्मभर मासळी बघितली मी. मेलेलं ठेवलं तर बाकीची पण मरतील.’

दर्याचं ते दर्यालाच द्यायचं, ही त्यांची रीत. रिक्षा करून चिंचणीला गेले आणि लाटेत सोडून आले. ते निघाले तेव्हा काकी ‘नको, नको’ म्हणत होत्या. मला ऐकवेना.

मग दुसरं आणायला म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘मरा नहीं था, चाचा. ये चमड़ी छोड़ता है, तब तक बंद रहता है. रुकना था.’

काका दुकानाच्या पायरीवर बसले. दुसरं घेतलंच नाही. घरी येईपर्यंत एकदाच बोलले, ‘ती सांगत होती.’

पुढे माझा मिक्सर पुन्हा बंद पडला. मी मुद्दाम त्यांच्यापुढे नेऊन ठेवला, लावा निकाल म्हणून. ‘राहू दे. बघू,’ म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नाही.

काकींनी टाकीकडे बघणं सोडलं. पेजही सुटली. थंडीतल्या एका सकाळी काकांनी हाक मारली म्हणून मी धावले. डॉक्टर आले, नाडी पाहिली, मान हलवून जिना उतरले. बायका जमल्या. ‘गेल्या हो काकी,’ कुणीतरी म्हणालं. घिवलीची माणसं पोचली आणि पुढच्या तयारीचं बोलायला लागली.

काका उशाशी बसले होते. त्यांनी हात उचलला. मला वाटलं, आता हा नेहमीसारखा हलणार. तो हात त्यांनी काकींच्या कपाळावर ठेवला.

‘थांबा,’ म्हणाले. ‘एवढ्यात नाय.’

टाकीचा पंप तेवढा चालू होता. खिडकीतलं ऊन सरकत काकींच्या पायांपर्यंत आलं, तरी आम्ही थांबलो होतो.