कोणाचं सिम कोणाच्या नावावर

आमच्या घरी फोन नव्हता तेव्हा याडी दुकानाच्या पायरीवर बसून फोनची वाट बघायची. याडी म्हणजे आई. आम्ही तांड्यावरची बंजारा माणसं, घरात गोरबोली बोलतो. बा दरवर्षी तेलंगणात रस्त्याच्या कामावर जायचा, तो पेरणीच्या तोंडावर परत यायचा. मधल्या महिन्यांत त्याची खबर यायची ती खालच्या गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर. दुकान तीन किलोमीटरवर. बा फोन करायचा, दुकानदार त्याला म्हणायचा, "उद्या पाच वाजता लाव, निरोप धाडतो." मग तांड्याकडे निघालेल्या कोणाच्याही हाती निरोप यायचा आणि दुसऱ्या दिवशी याडी मला घेऊन चालत जायची.

कधी फोन यायचा, कधी नाही. एका वर्षी आम्ही लागोपाठ चार दिवस गेलो. दुकानदाराची बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "बस व माय, येईन." चौथ्या दिवशी तिनं नुसता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बा त्या वेळी तिकडं दवाखान्यात तापानं पडला होता, हे आम्हाला तो घरी आल्यावर कळलं. याडीनं चारही दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ते तिला अजून बोचतं.

पुढं मोबाइल आले आणि कळंबच्या बाजारात रंगीत छत्री उघडून पोरं सिम वाटू लागली. ज्याच्या खिशात त्या दिवशी कागद असेल त्याच्या नावावर सिम निघायचं. चाललं की झालं, एवढाच हिशेब. त्या छत्रीनं पुढं माझ्या डोक्याला किती ताप दिला ते सांगायलाच हे लिहिते आहे.

मी यवतमाळला कॉलेज करून बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली आणि तांड्यातल्या पोरींमधलीही पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं बढाई मारते. मारतेच. पदवी घेतल्यावर मी घरात पहिली सुधारणा केली ती फोनची. बचत गटातल्या एका बाईला कोणीतरी बँकेतून बोलतो म्हणून फसवलं होतं, म्हणून मी याडीची शाळाच घेतली. अनोळखी नंबर आला तर नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, कोणाला ओळखते ते सांगायचं नाही. समोरचा फारच चिकट निघाला तर त्याच्याशी फक्त गोरबोलीत बोलायचं.

"अन् त्याले गोरबोली येत असन तं?" याडीनं विचारलं. (आमचं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.)

"तर मग आपलाच कोणी असन. दोन शिव्या दे अन् ठेव."

याडी चांगली विद्यार्थिनी निघाली. हेही पुढं माझ्याच अंगाशी आलं.

पदवीनंतर दीड वर्ष घरी काढलं आणि एका संस्थेत चार महिन्यांचं काम मिळालं. ब्राझीलहून एक संशोधक पोरगी येणार होती, आमच्या भागातल्या कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास करायला. तिच्यासोबत शेतात फिरायचं, दुभाषीपण करायचं, नोंदी ठेवायच्या. काम चांगलं झालं तर पुढं कायम करू, असं साहेब म्हणाले होते. ती आमच्याच घरी राहायला आली. तिला यवतमाळच्या लॉजवरून रोज ये-जा करायची नव्हती, आणि याडीला वाटलं चार महिने एक तोंड जास्त म्हणजे काय मोठं.

पोरगी रंगानं आमच्यासारखीच, केस माझ्यापेक्षा कुरळे. तांड्यातल्या म्हाताऱ्या दोन दिवस मला विचारत होत्या, "इदेशी पावनी कवा येणार हाय?" ती त्यांच्या समोरच बसून शेंगा खात असायची.

अडचण निघाली ती फोनची. दिल्लीच्या विमानतळावर घेतलेलं तिचं सिम तांड्यावर येताच मेलं. त्या कंपनीचा टॉवर आमच्याकडे नाहीच. आमच्याकडे एकाच कंपनीची रेंज येते, तीही देवळाच्या ओट्यावर, पूर्वेकडच्या कोपऱ्यात. आणि तिला रोज संध्याकाळी अळ्यांचे फोटो आणि आकडे पाठवायचे होते. माझा फोन बटणांचा, त्यावर नेट चालत नव्हतं. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सोमवारपर्यंत त्यांचा फोन आणि नेट चालू झालं पाहिजे. नाहीतर त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर हलवावं लागेल. तिथं माणूस आहे आमच्याकडे."

माणूस आहे, म्हणजे मी लागणार नाही. तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी यवतमाळला गेलो. कंपनीच्या मोठ्या दुकानात टाय लावलेला एक मुलगा बसला होता. त्यानं आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"फॉरेनर कोण आहे?"

"या."

"वाटत नाहीत."

"पासपोर्टला वाटतं," मी म्हटलं.

पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्त्याचा कागद, सगळं झालं. फॉर्मवर वडिलांचं नाव असा रकाना होता. ती थांबली. तिनं मला इंग्रजीत विचारलं, फोनला माझ्या वडिलांचं काय करायचं आहे? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यालाच लागतात. ती म्हणाली, तो मी दोन वर्षांची असताना निघून गेला, पासपोर्टवरसुद्धा आईचंच नाव आहे. टायवाल्या मुलानं डोकं खाजवलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि आईचं नाव लिहा म्हणाला. तिनं इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं की रकान्याबाहेर गेलं.

"आता लोकल रेफरन्स," मुलगा म्हणाला. "इथला ओळखीचा माणूस. त्याचा नंबर त्याच्याच नावावर पाहिजे. कंपनीतून त्याला फोन जाईल, तो हो म्हणाला की सिम चालू."

"मी आहे ना," मी म्हटलं. मी बी.एस्सी. आहे हेही सांगणार होते.

त्यानं माझा नंबर टाकला. "हा तर एका पुरुषाच्या नावावर आहे."

"माझा बा आहे तो."

"मग बाबांनाच करू रेफरन्स."

बाचा नंबर टाकला. तो भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. बा त्या दिवशी कळंबच्या बाजाराला गेला होता. मी तिथूनच त्याला फोन लावला. "बा, तुझं सिम कोणाच्या नावावर आहे?"

"माह्या नाही का?"

"नाही."

"मंग तुह्या मामाच्या असन. त्या दिवशी माह्यं आधार घरीच राह्यलतं."

मामाला लावला. मामा शेतात फवारणी करत होता. "माह्यं सिम? ते तं सासऱ्याच्या कागदावर घेतलतं."

"सासरे कुठं असतात आता?"

"अवं, ते वारून सहा वर्षं झाली. पण सिम एकदम मस्त चालते."

टायवाला मुलगा हसू दाबायला खाली वाकून पेन शोधू लागला. पाहुणीला काय चाललं आहे कळत नव्हतं. तिला कसं सांगू? एवढं सगळं शिकून आलेली मी, माझ्याच फोनवर माझं नाव नव्हतं. कागदावर बघाल तर आमच्या खानदानात फोनवर बोलणारी माणसं वेगळी होती आणि मालक वेगळे, त्यातला एक तर वर पोचलेला.

मग आठवली याडी. बचत गटाच्या खात्याला नंबर जोडायचा तेव्हा बँकेतल्या बाईनं ठणकावून सांगितलं होतं, सिम स्वतःच्याच नावावर पाहिजे. आख्ख्या घरात स्वतःच्या नावाचा फोन असलेलं माणूस एकच, जिला सही सोडली तर काही लिहिता येत नाही.

याडीचा नंबर टाकला. स्क्रीनवर तिचं पूर्ण नाव आलं. "झालं," मुलगा म्हणाला. "एक-दोन दिवसांत फोन जाईल. दोनदा करतात. दोन्ही वेळा जमलं नाही तर फॉर्म रद्द, पुन्हा पहिल्यापासून."

घरी येऊन मी याडीला सांगितलं की कंपनीचा फोन येईल, हो म्हण. ती कापूस वेचून आली होती, पाठ धरली होती, कूस बदलून हूं म्हणाली. मला वाटलं समजलं.

शुक्रवारी संध्याकाळी याडी शेतातून आली ती फुशारकीतच. "आज एका चोट्टीले पयवलं!"

"कोणाला?"

"खालच्या शेतात रेंज येते नं, तिथं आली होती एक फोनवर. माह्यं नाव घेते, गावाचं नाव घेते, अन् इचारते का अमुक बाईले ओयखता का म्हणून. पावनीचं नाव असं वाकडं घेतलं का मले आधी समजलंच नाही. मी म्हटलं, थांब तुले दावतो. तू शिकवलं तसं सुरू केलं गोरबोलीत. म्हशीचं सांगतलं, कापसाचं सांगतलं, तुह्या बाच्या गुडघ्याचं सांगतलं. हॅलो हॅलो करून थकली अन् ठेवला."

"याडी, तीच होती कंपनीवाली!"

"तं मंग तिनं सांगाव लागत होतं."

"तिनं सांगितलं नाही?"

"सांगतलं. चोर बी तेच सांगते. तूच म्हटलं होतं."

पाहुणीला सगळं सांगितलं तर ती आधी खूप हसली. मग म्हणाली, मला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं नाही, तिथं तुझी आई नसेल. मी तिला नोकरीचं काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. याडीनं चुलीपाशी बसून ऐकलं. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा आवाज तिला येतो.

"सोमवारी तुह्यं काम जाईन काय?" तिनं विचारलं.

"फोन लागला नाही तर जाईल."

याडीनं चुलीतली काडी मागं ओढली. म्हणाली, "मले एक सांग. उद्या फोन आला तं तो खरा का खोटा, हे मी कसं ओयखू? तुह्या कामासाठी मी कोनालेबी हो म्हणू काय? मंग ते शिकवलं कायले?"

बरोबर होतं तिचं. तिला हा प्रश्न पडेल असा मी दीड वर्षात विचारच केला नव्हता. मी फक्त दार लावायला शिकवलं होतं.

शनिवारी याडी वेचणीला गेली नाही. बुडालेल्या मजुरीचं तिनं नावही काढलं नाही. वाजला की खणखणीत ऐकू यावा म्हणून फोन ताटलीत ठेवून, ताटली मांडीवर घेऊन ती देवळाच्या ओट्यावर पूर्वेकडच्या कोपऱ्यात बसली. दुकानाच्या पायरीवर बसायची तशीच, गुडघे जवळ घेऊन. आम्ही दोघी बाजूला. दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. याडीनं स्पीकर लावला आणि मला हातानं गप्प केलं.

"नमस्कार, मी कंपनीतून बोलतेय. तुमच्या रेफरन्सवर एका परदेशी ग्राहकाचा अर्ज आहे. तुम्ही त्यांना ओळखता का?"

"थांब," याडी मराठीत म्हणाली. "आधी मी इचारतो."

"काकू, प्रश्न आम्ही विचारायचे असतात."

"इचारजो. पयले माह्यं सांग. तिच्या कागदावर बापाचं नाव हाय का?"

तिकडं कीबोर्डची टकटक झाली. मागं बऱ्याच मुलींच्या बोलण्याचा कालवा ऐकू येत होता. गुरुवारी दुकानात झालेली ती गोष्ट मी याडीला गंमत म्हणून सांगितली होती, आणि तिनं ती जपून ठेवली होती. चोराला नाव कळेल, नंबर कळेल, पण हे कुठून कळणार?

"नाही काकू," मुलगी म्हणाली. "आईचं नाव आहे. रकान्याच्या बाहेर गेलंय."

याडीनं माझ्याकडं बघून मान हलवली. "बराबर. आता इचार."

मुलगी हसत होती, ते लपत नव्हतं. "किती दिवसांपासून ओळखता त्यांना?"

"नऊ दिवस."

"नऊच?"

"मंग काय खोटं सांगू? पोरगी चांगली हाय. वरणात मीठ कमी पडलं तरी सांगत नाही, चुपचाप खाते. तेवढं तिनं सांगत जावं."

"बरं. आणि तुम्ही त्यांच्या कोण लागता? इथं काहीतरी लिहावं लागतं."

"याडी लिह्य."

"म्हणजे?"

"आई."

"आई आधीच लिहिलीये ना काकू."

"ती तिकडची. मी इकडची."

मुलीनं शेवटी घरमालक लिहिलं. याडी म्हणाली, "दोन खोल्यांची कायची मालक!" पण तोवर तिकडून धन्यवाद आला होता. फोन ठेवता ठेवता ती मुलगी म्हणाली, "काकू, कालसुद्धा मीच होते. बाबांचा गुडघा बरा आहे का आता?"

"अवं माय, तुले समजलं काय ते?"

"आमच्याकडे पण तांडाच आहे काकू. पण ड्यूटीवर मराठी-हिंदीच बोलावी लागते."

याडीनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुढची पाच मिनिटं त्या दोघी गोरबोलीत काय बोलल्या ते कंपनीच्या रेकॉर्डिंगवर असेल. मला त्यातलं एवढंच आठवतं, की कोणत्या तांड्याची, कोणाची पोर, लग्न ठरलं का, हे तीनही प्रश्न याडीनं विचारले आणि तीनही उत्तरं घेतली.

त्याच संध्याकाळी सिम चालू झालं. ओट्यावर बसून पाहुणीनं पहिला फोन तिच्या आईला लावला. तिकडं सकाळ होती. व्हिडिओवर दोन्ही आया एकमेकींकडं बघत बसल्या, भाषा नाही, काही नाही. मग तिच्या आईनं कॉफीचा कप उचलून दाखवला आणि याडीनं मांडीवरची रिकामी ताटली.

रविवारी पाहुणीनं तिच्या स्वतःच्या फोनवरून अळ्यांचे पहिले चौदा फोटो पाठवले. सोमवारी साहेबांचा मला एका ओळीचा मेसेज आला, नोंदी मिळाल्या, काम चालू ठेवा. चार महिने झाले, ती परत गेली, आणि मला संस्थेनं कायम केलं. पहिला कायमचा पगार झाला त्या आठवड्यात मी बाला घेऊन यवतमाळच्या त्याच दुकानात गेले. आता आमच्या घरात तीन फोन आहेत आणि तिन्ही ज्याचे त्याच्या नावावर आहेत.