बेटाला भोक

पैनगंगा मेहकरकडे जाताना एका ठिकाणी दुभंगते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मधोमध आमचं गाव. गाव कसलं, मूठभर घरं, पण ऐट राजधानीची. त्या वेळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपुरात, जिल्ह्याची कचेरी बुलढाण्याला, आणि बेटावर राज्य म्हाताऱ्यांचं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता यायचं. पावसाळ्यात दोन्ही धारा भरल्या की आमचे आम्ही.

मी देऊळघाटची. लग्न होऊन बेटावर आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच आठवड्यात बजावलं, "इथं खड्डा खणाचा नाई, पोरी. बेट पान्यावर हाये."

मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. पण ती थट्टा नव्हती. पूर कितीही चढला तरी बेट बुडत नाही, कारण पाण्याबरोबर तेही वर उचललं जातं, अशी तिथल्या लहानथोरांची पक्की खात्री. आणि जे तरंगतं त्याला भोक पाडायचं नसतं. म्हणून सगळा वऱ्हाड ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवायचा, तर आमच्याकडे वर ठेवलेल्या कणग्या. घराचे खांब दगडांवर उभे. विहिरीचं नाव काढायची सोय नाही. पाणी आणायचं ते नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून. वाळू नदीची, बेटाची नव्हे, असा त्यावर शहाण्यांनी निवाडा दिलेला होता.

पूर आला की झिरे बुडायचे. मग पुराचंच गढूळ पाणी भरायचं आणि माठात निवळीचं बी उगाळून टाकायचं. त्यानं माती खाली बसते. डोळ्यांना दिसत नाही ते बसत नाही.

माझा पहिला मुलगा त्या पाण्यानं गेला. श्रावण होता. तो नुकता उंबरा ओलांडायला शिकला होता. हगवण लागली आणि थांबलीच नाही. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पण खड्ड्याचं नाव निघताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. धारा दोन्ही अंगांनी फुगलेल्या, पलीकडे नेणं शक्य नव्हतं. आत्याबाईंनी त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि पुरात सोडलं.

मला त्या बाईचा विलक्षण राग आला. नवऱ्याचा आला, म्हाताऱ्यांचा आला, पण सगळ्यांत जास्त तिचा. बेटावर तिच्या शब्दाला मान होता. पहिला पूर आला की सगळ्या गावातर्फे नदीची ओटी ती भरायची. ती म्हणाली असती, तर खड्डा झाला असता. कित्येक महिने मी तिच्या हातचा घास गिळला तो केवळ जगायचं होतं म्हणून. आणि रडून झाल्यावर मी एकच गोष्ट ठरवली. पुढचं लेकरू पुराचं पाणी पिणार नाही.

मुलगी झाली. माहेरचं बाळंतपण आटोपून मला पोचवायला थोरला भाऊ आला. मी पोरीला झोळीत घातलं, कुदळ उचलली आणि परसात जाऊन पहिला घाव घातला. नवरा धावत आला.

"अवो, काय करून राह्यल्या?"

"हीर खणून राह्यली. तुमाले हात लावाचा असन तं लावा."

तो भला माणूस. भला म्हणजे अर्धा दिवस विचार करून मग योग्य तेच करणारा. दुपारी त्यानं माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. भाऊही राहिला. दोघं खणायचे, मी दोरानं मातीच्या टोपल्या ओढायची. आत्याबाई ओसरीवर पाठ करून बसायच्या. शेजारच्या बायकांनी येणं सोडलं. हळदीकुंकवाला आमचं घर वगळलं जाऊ लागलं. म्हटलं, वगळा. कुंकू लावून काही पाणी मिळत नव्हतं.

माती संपली, मुरूम लागला. मुरूम संपला आणि दोन पुरुष खोलीवर काळा पाषाण लागला. पाण्याचा थेंब नाही. भाऊ कपाळाला हात लावून वर आला, पुन्हा खाली गेला. नेमकं तेव्हा ते झालं.

सकाळची न्याहारी झाली होती. मी उतरंडीचं वरचं मडकं काढत होते, आणि खालची मडकी आपोआप एकमेकांवर वाजू लागली. पायाखालून घरघर आली, कुणी मोठं जातं फिरवावं तशी. गोठ्यातले बैल पाय फाकवून उभे राहिले. वारा नसताना झोळी हलायला लागली, आणि पोरगी आत निवांत झोपलेली. मी तिला उचललं आणि विहिरीकडे पळाले. कडेची माती भुरूभुरू आत पडत होती. भाऊ खोबणीत पाय रोवत वर आला. डोक्यात मुरूम, तोंडात मुरूम, पण धड होता. तेवढ्यात सगळं थांबलं.

पडलं म्हणाल तर कुणाच्या तरी गोठ्याची एक भिंत पडली. माणूस, जनावर कुणालाही लागलं नाही. पण गावातून आरोळी उठली, "बेट सुटलं! बेट सुटलं!"

सगळं गाव काठावर जाऊन उभं राहिलं. पलीकडच्या तीरावर एक जुनी चिंच होती. ती मागे सरकते का, हे सारे डोळे ताणून बघत होते. एका म्हाताऱ्यानं पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि बेट किती वाहिलं ते मोजायला तिथंच बैठक मारली. चिंच जागची हलली नाही, काठीही नाही. मला हसू येत होतं. चिंच हलत नाही म्हटल्यावर लोकांचा धीर परत आला. धीर आला तसा रागही आला, आणि राग थेट आमच्या परसात आला.

काठीवाला म्हातारा पुढे होता. "बुजवा ते भोक. आज समज देल्ली बेटानं. उद्या घेऊन बुडन."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, हे मी सांगितलं. नवऱ्यानंही सांगितलं. मग मेहकरच्या बाजारातून एक जण आला आणि म्हणाला की तिथंही भांडी वाजली, चिखलीकडेही वाजली म्हणे. मला वाटलं, जिंकलो. बेट सुटलं असतं तर मेहकर कशाला हाललं असतं?

म्हातारा म्हणाला, "पाहा, तुह्या एका हिरीपायी सारा वऱ्हाड हालला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी टोपल्या आणून विहीर बुजवायची असं ठरलं. त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "लेकरू घे अन् देऊळघाटले चाल. तिथं पानी हाये. ह्या येड्याईत काऊन मरतं?"

खरं सांगते, मन झालं होतं. माहेरी विहीर होती, आई होती. पण मुलगी मोठी होणार ती या घरात. बापाच्या घरी तिला पाणी नाही म्हणून आजोळी वाढवायची, हे मला पटेना. म्हटलं, "दादा, मी नाई येत."

सकाळी लोक आले. बायकांच्या डोक्यांवर मातीच्या टोपल्या, पुरुषांच्या हातांत फावडी. मी पोरीला नेऊन आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि खोबणीत पाय टाकत विहिरीत उतरले. तळाशी पाषाणावर मांडी घालून बसले.

"टाका आता माती," मी वर बघून म्हणाले.

वर कडेला गोल सगळी डोकी. कुणी काही टाकेना. मी कुदळ उचलून पाषाणावर घातली. खणकन आवाज झाला. "आयकलं का? खाली दगड हाये! बेट दगडावर उभं हाये, तरंगत नाई!"

म्हातारा वरून म्हणाला, "डोंग्यालेबी तळ असते, तरी थो पान्यावर तरंगते."

आता या माणसाशी कोण वाद घालणार? मी उठले नाही. ऊन वर आलं, सावली कडेला सरकली. वर पोरगी रडायला लागली. भुकेची रड मला ओळखू येत होती. माझा पान्हा फुटून चोळी भिजली. तरी मी दात आवळून बसले.

"वर ये वो," आत्याबाईंचा आवाज आला. "पोरगी रडून राह्यली."

"आज माह्यं दूध पिईन ती, आत्याबाई. सरावनात कोन्तं पानी पाजसान तिले? तेवढं सांगा, मंग येतो वर."

वरून पोरीची रड येत राहिली. मग खोबणीत एक पाऊल दिसलं. पोरीला नवऱ्याकडे देऊन आत्याबाई खाली उतरत होत्या. त्या वयात, लुगडं सावरत, भिंतीला नखं रोवत. मी उठून त्यांचे पाय एकेका खोबणीत धरून ठेवले. खाली येऊन त्या पाषाणावर बसल्या. तळहात टेकवला. मग मान वर करून विहिरीचं तोंड किती मोठं आहे ते बघत राहिल्या.

"येवढं भोक पाडलं," त्या हळू म्हणाल्या, "अन् बेट बुडलं नाई."

"नाई बुडलं."

"मंग माह्या नातवापुरता खड्डा काऊन नाई खणला मी?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. कित्येक महिने घोटून ठेवलेलं होतं. पण ती म्हातारी अशी काही रडली, की मला ते तिच्या तोंडावर मारता आलं नाही. मी तिचा हात धरला. माझाही बांध फुटला. दोघी तळाशी बसून मोठ्यानं रडलो, आणि वरच्यांनी ते सगळं ऐकलं.

मग डोळे पुसून त्यांनी वर आवाज दिला, "माती टाकाची असन तं टाका. दोघी हाओत खाली. पन मंग नदीची ओटी तुमीच भरजा."

टोपल्या आल्या तशा परत गेल्या. म्हातारा शेवटपर्यंत उभा होता, मग तोही गेला. भावानं आणि नवऱ्यानं घण-छिन्नी आणली आणि कित्येक दिवस तो पाषाण फोडला. एका कोपऱ्यात चीर होती. भूकंपानं पडली की आधीचीच, कोण सांगणार! रोहिण्या लागायच्या सुमारास तिच्यातून गार, नितळ पाणी फुटलं. गावात लगेच बोलणं सुरू झालं की बेट त्या दिवशी हाललं ते पाण्याला वाट द्यायलाच. तीच तोंडं, तेच लोक. मी म्हटलं, असो, तुमच्या बेटाचा मोठेपणा, पण पाणी प्या.

श्रावणात दोन्ही धारा भरल्या. झिरे बुडाले आणि आमच्या परसात घागरींची रांग लागली. म्हाताऱ्याच्या घरची घागर लाजत लाजत मागे उभी होती, तीही भरली. आत्याबाई पहाटेपासून दोर ओढत होत्या. त्यांच्या हातांची सालं निघाली होती. मी पोरीला काखेत घेऊन दोर मागायला गेले.

त्यांनी तो दिला नाही. भरलेला गडू तेवढा माझ्याकडे सरकवला. "तू तिले पाज. वढाचं काम माह्यं."