दुपारचं रक्त

मला दम धरवत नाही. चहा नीट उकळायच्या आत मी गाळते. म्हणून आई मला लहानपणापासून 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' असं चिडवते. असल्या मुलीनं पांढऱ्या पेशींच्या वाटेला जायलाच नको होतं.

धाराशिवच्या कॉलेजात मी शुगर असलेल्या लोकांच्या पांढऱ्या पेशी तपासत होते. रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, त्यांच्यापुढं यीस्टचे कण टाकायचे आणि किती कण गिळतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जंतू गिळणं हे त्यांचं काम, त्याचीच ही परीक्षा. निरोगी विद्यार्थ्यांच्या पेशी पटापट गिळायच्या. शुगरवाल्यांच्या नुसत्या बसून राहायच्या. दोन वर्षं हेच दिसत होतं आणि मी खूश होते.

त्या शुगरवाल्यांत माझी आईही होती. भूमला घरी गेल्यावर मी तिला मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "तुझ्या पेशी मंद झाल्यात. गर्दीत जाऊ नकोस." तिनं आठवडी बाजार सोडला, लग्नांना जाणं सोडलं. माझ्या बहिणीच्या बाळाला ताप आला तर त्याला उंबऱ्यातूनच बघायची.

प्रबंध लिहायला घेतला, जुनी वही उघडली आणि नोंदींतला एक फरक पहिल्यांदाच दिसला. विद्यार्थी सकाळी रक्त द्यायचे. तेव्हा मी ते एका घट्ट द्रावणात मिसळून तासभर उभं ठेवायची. तांबड्या पेशी आपोआप खाली बसायच्या, पांढऱ्या वर राहायच्या. शुगरवाले मात्र भूम, वाशी तालुक्यांतून एसटीनं यायचे आणि पोचेपर्यंत दुपार व्हायची. मला तर संध्याकाळची भूमची गाडी गाठायची असायची. मग मी झटपट पद्धत वापरायची. पाण्यासारख्या पातळ द्रावणानं तांबड्या पेशी फोडायच्या आणि उरलेलं यंत्रात जोरात फिरवायचं. दोन्ही पद्धती पुस्तकात होत्या, त्यामुळं मला कधी शंकाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं रक्त काढलं आणि दोन नळ्यांत वाटलं. एक सावकाश, एक झटपट. सावकाश काढलेल्या पेशी मजेत गिळत होत्या. झटपट काढलेल्या बसून होत्या, अगदी आईच्या पेशींसारख्या. मला शुगर नाही. मी हात धुतले, पुन्हा धुतले, व्हरांड्यात चकरा मारल्या. दोन वर्षं पाण्यात गेली याचं वाईट वाटत होतंच, पण डोळ्यांपुढं उंबऱ्यातली आई येत होती आणि तिला घरात बसवल्याची जास्त लाज वाटत होती. त्या संध्याकाळी गाडीत जागा असूनही मी भूमपर्यंत उभीच राहिले.

सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हंजी माझं रगत चांगलं हाय?"

"ते अजून माहीत नाही."

"मंग इतके दिस कशाच्या जोरावर सांगत व्हतीस?"



सोमवारी ती पहिल्या गाडीनं माझ्याबरोबर आली. तिचं रक्त घट्ट द्रावणात मिसळून मी नळी उभी केली. पाच मिनिटं झाली नसतील, माझा हात यंत्राकडं गेला.

"बस की जरा," स्टुलावरून ती म्हणाली. "आज कुठं गाडी चुकायलीय?"

मी बसले.