मर्व्हिनने ओळखलेले डाग

मर्व्हिन टिस्डलला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या साउथलँडातल्या आमच्या गावात तो एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात मेंढ्या सोलत होता. एका हिवाळ्यात तिथे काम कमी होतं, म्हणून साहेबाने त्याच्या हातात ब्रश देऊन कुंपण रंगवायला लावलं. दोन महिने. तेवढ्या अर्ध्या हळकुंडाने गडी पिवळा झाला तो कायमचा.

आमच्या रस्त्यावर अकरा घरं. सगळी लाकडी फळ्यांची, सगळी पांढरी नाहीतर सायीच्या रंगाची. हवा ओली आणि ऊन नावालाच, त्यामुळे असल्या भिंतींवर डाग पडायचेच. कुणाच्या भिंतीवर काही उमटलं की मर्व्हिन फाटकाशी हजर. हात खिशात, डोळे बारीक, मान तिरकी. भिंतीला हात म्हणून लावायचा नाही. हात लावून बघतो तो शिकाऊ, असं त्याचं म्हणणं. कॉलिनच्या भिंतीवर खिळ्यांच्या गंजाचे ओघळ आले होते, शेंबड्या पोरालाही कळले असते. मर्व्हिनने ते छपरावर फिरणाऱ्या पॉसमचं, म्हणजे मांजराएवढ्या एका रानटी प्राण्याचं, मूत ठरवलं आणि कॉलिन बिचारा महिनाभर छपरावर पिंजरा लावून बसला.

आमच्याकडे तर त्याने कहरच केला. रॉसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे थंडीच्या तोंडावर, मागची भिंत रंगवली. रात्री दव पडलं आणि सकाळी नव्या रंगावरून तपकिरी, चिकट ओघळ आले. मर्व्हिनने फाटकातूनच सांगितलं, भिंत आतून सडलीय. बायकोच्या शब्दावर वीस वर्षं विश्वास न ठेवणाऱ्या माणसाचा त्याच्यावर मात्र दोन मिनिटांत बसला. रॉसने चार फळ्या उखडल्या. आतलं लाकूड खडखडीत कोरडं. उरलेल्या फळीवरचा ओघळ मी ओल्या फडक्याने पुसला तर साफ निघाला. ओला रंग दवाने पाझरला होता, बाकी काही नाही. त्या धडधाकट फळ्या बघून मर्व्हिन म्हणतो कसा, वेळेवर काढल्यात म्हणून वाचलात. त्या दिवसापासून मी त्याला चहा विचारणं सोडलं.

दर नोव्हेंबरात आमच्या गावात सगळ्यात नीटनेटका रस्ता निवडतात. बक्षीस काय, तर कोपऱ्यावर ठोकायची एक पाटी. पण त्या पाटीसाठी माणसं सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकतात. तर एका वर्षी मर्व्हिनने सगळ्यांसाठी ट्रकभर पाइनच्या सालीचे तुकडे आणवले. वाफ्यांत पसरायचे, थेट भिंतीच्या पायथ्यापर्यंत, चांगले वीतभर जाड. तण उगवत नाही, दिसायला छान. सगळ्यांनी पसरले. नको म्हणाली ती एकटी आयल्सा.

आयल्सा रस्त्याच्या टोकाला राहायची. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, नवरा कधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. घरामागे मधमाश्यांच्या दोन निळ्या पेट्या. आमच्यापेक्षा त्या माश्यांशीच ती जास्त बोलायची, आणि आमचं एकेक बोलणं ऐकलं की तिचं चुकत होतं असं वाटत नाही. दर ख्रिसमसला प्रत्येकाच्या पायरीवर मधाची बरणी ठेवून जायची, बेलही वाजवायची नाही.

पाटी मिळाली. आणि दोन वर्षांनी भिंतींवर ठिपके आले. काळे, मोहरीहून बारीक, दक्षिणेच्या भिंतींवर जास्त, कारण आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं आणि त्या सावलीत राहतात, अगदी खिडकीच्या वरपर्यंत उडालेले. मर्व्हिन दहा फाटकांशी उभा राहिला आणि दहा ठिकाणी एकच निदान केलं. आयल्साच्या माश्यांची शी.

आयल्साने स्वतः येऊन सांगितलं होतं की माशीचा डाग पिवळा असतो, ओल्या फडक्याने निघतो, एकदा पुसून तर बघा. एकानेही फडकं भिजवलं नाही. तिची स्वतःची भिंत, पेट्यांपासून चार पावलांवरची, स्वच्छ होती. हे कुणीतरी म्हटलंही. त्यावर मर्व्हिन म्हणाला, माशी आपल्या घरी घाण करत नसते. आणि लोकांनी माना डोलावल्या! शाळा शिकलेल्या लोकांनी.

मग पत्र निघालं. पेट्या हलवा, नाहीतर रीतसर तक्रार करू, आणि त्याखाली आमच्या रस्त्यावरच्या रहिवाशांच्या सह्या. मर्व्हिन ते दारोदार घेऊन फिरला. माझी सही दहावी, शेवटची. चुलीवर सलगम उकळत होते, तो दारातून हलेना, आणि आधीच्या नऊ जणांनी केलेली होती. मी केली. पत्र द्यायला जाताना त्याच्या बायकोने सोबत ताटभर चीज रोल दिले. आमच्याकडे कुणाच्या मयतीलाही हेच देतात.

आयल्सा भांडली नाही. दरीतल्या एका मधवाल्याने संध्याकाळी माश्या परतल्यावर पेट्यांची तोंडं बंद केली आणि गाडीत घालून नेल्या. गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

पुढच्या वसंतात ठिपके दुप्पट झाले. मर्व्हिन म्हणाला, हे जुनेच, आता वर येतायत. जुना ठिपका वर कुठून येतो, भिंतीच्या पोटातून? त्याने ब्लीच फवारायला लावलं, रंग फिका पडला, ठिपके जागच्या जागी. तारेच्या ब्रशाने घासायला लावलं, रंग जाऊन लाकूड दिसायला लागलं. घरं अशी दिसत होती की पाटी ठोकणाऱ्यांनाच लाज वाटावी.

मी शेवटी नखाने एक ठिपका खरवडला. डांबरासारखा चिकटलेला. मग खाली वाकले. ओल्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या नारिंगी वाट्या होत्या, प्रत्येकीत एक काळा मणी. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मी ओंजळभर साल घेतली, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं आणि डबा खिडकीत ठेवला. पाचव्या दिवशी प्लॅस्टिकला आतून काळे ठिपके चिकटले होते, सगळे उजेडाच्या बाजूला. त्या नारिंगी वाट्या म्हणजे सालीवरची बुरशी, आणि तीच आपले मणी उजेडाकडे उडवते. पांढरी भिंत सावलीतही उजळ असते, म्हणून बुरशी तिच्यावरच नेम धरते. मर्व्हिनचीच साल, मर्व्हिनचेच डाग.

डबा त्याला नेऊन दाखवला. त्याने हात खिशातून न काढता बघितला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "तरी मी तेव्हाच म्हणत होतो, साल इतकी जाड टाकू नका." कोडग्याला काय बोलणार. मला त्याची इतकी शिसारी आली की उलट मजाच वाटायला लागली. मी तो डबा तसाच उचलला आणि आयल्साकडे निघाले. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. तिची बाजू खरी ठरली होती, आणि ते सिद्ध करणारी मी होते.

तिने दार उघडलं. मी घडाघडा सगळं सांगितलं. बुरशी, साल, त्या मूर्खाचं निदान. डबा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"लोर्ना," ती म्हणाली, "तुला वाटलं होतं का माझ्या माश्यांनी केलं म्हणून?"

मी नाही म्हणाले. अजिबात नाही. मर्व्हिनच्या शब्दावर मी कशाला विश्वास ठेवू, चार फळ्या घालवल्यायत त्याने आमच्या.

"म्हणजे तुला माहीत होतं."

मी सलगमाचं सांगायला लागले, आधीच्या नऊ सह्यांचं. माझं मलाच ते ऐकायला कसंतरी वाटत होतं, म्हणून थांबले. पेट्या परत आणू, मी स्वतः त्या मधवाल्याशी बोलते, असंही म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. दोन्ही पेट्यांतल्या माश्या दरीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मेल्या होत्या.

"हो, तसं वाटलं होतं, असं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं," आयल्सा म्हणाली. "मर्व्हिन मूर्ख आहे, त्याच्यावर राग धरून काय करायचंय. पण तू मूर्ख नाहीस."

आणि तिने दार लावून घेतलं.