टकटकताईच्या फरश्या

तिच्या हातच्या बिस्किटांना घरात कुणी बिस्किटं म्हणत नसे. फरश्या म्हणत. "फरश्या झाल्या का गं?" असं नवरा विचारायचा. "मला अर्धीच फरशी दे," असं मुलगी म्हणायची. नणंद तर वर्षअखेरच्या सुट्टीला आली की चपला काढायच्या आधीच दारातून ओरडायची, "वहिनी, यंदा कुठली खोली फरसबंद करायची?" सगळे पोट धरून हसत. तीही हसायची. दरवर्षी त्याच विनोदावर हसायचं म्हणजे काय ताप असतो, हे ज्याच्यावर विनोद होतो त्यालाच ठाऊक.

या नावामागे तिची नोकरी होती. ती फरश्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून निघालेल्या फरश्या पट्ट्यावरून तिच्यासमोर यायच्या. ती छोट्या हातोडीनं एकेकीवर टकटक करून ऐकायची. खणखणीत वाजली तर पुढे, भद्द वाजली तर कच्ची, म्हणजे बाजूला. लग्नाआधीपासून हेच काम. कारखान्यात तिला टकटकताईच म्हणत. सवय अशी हाडीमासी खिळली होती की कलिंगड असो, कपाट असो, नवा माठ असो, तिचं बोट आपोआप वळून टकटक करायचं. कच्चा माल तिच्या हाताखालून कधी पुढे गेला नव्हता, आणि याचा तिला बऱ्यापैकी अभिमान होता.

बिस्किटं मुळात सासूबाईंची. काकवी, सुंठ, दालचिनी, चिमूटभर लवंग, वरून साखरेत घोळवलेली. वर भेगा पडलेल्या, आत मऊ, दाताखाली जरा ओढ धरणारी. सासूबाई गेल्या, आणि सुट्टीतली बिस्किटं सुनेच्या गळ्यात पडली. त्यांनी जाण्याआधी सगळं सांगितलं होतं, काही म्हणजे काही हातचं राखून ठेवलं नव्हतं. "कडा धरल्या की काढायची," हेही सांगितलं होतं. सुनेला ते तोंडपाठ होतं. तरीही दरवर्षी फरश्या! कुठं चुकतंय हे काही केल्या कळत नव्हतं.

हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या वर्षी ते प्रकरण झालं. सासरे तिची बिस्किटं नेहमी चहात बुडवून खात, मुकाट्यानं. नणंदेनं टुमणं लावलं, "बाबा, एकदा तशीच खाऊन दाखवा ना!" त्यांनी खाल्लं, आणि कवळीचा पुढचा दात तुटून बशीत पडला. नणंदेला हसू आवरेना. सासरेही बोळक्या तोंडानं हसले. ती स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि रडली. म्हाताऱ्या माणसाला आपण दगड खायला घालतो, हे तिच्या मनाला फार लागलं. यंदा सासऱ्यांनी बिस्किट चहाशिवाय खाल्लंच पाहिजे, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून नणंद येणार त्या दिवशी तिनं रजा काढली. सकाळी लोणी-साखर फेटली, काकवी ओतली, मसाला-मैदा मिसळून गोळे वळले, ते साखरेत घोळवले. पहिला ट्रे काढला, चमच्यानं टकटक केलं. खणखणीत. एक गार झाल्यावर मोडायला गेली तर मोडेना.

"छान वाजतंय," नवरा दारातून म्हणाला.

"तुम्ही बाहेर बसा बघू."

"मी काय म्हणतो, काकवी वाढव ना."

तिनं काकवी वाढवली. पीठ हाताला, ओट्याला, नळाला चिकटलं. तेवढ्यात नणंदेचा फोन. गाडीत बसल्या बसल्या तिला सल्ले सुचत होते. "वहिनी, लोणी दुप्पट घाल. आणि आईसारखं प्रेमानं कर गं." तिच्या डोक्यात तिडीकच गेली. एवढी वर्षं ती काय रागानं करत होती? चिकट हातानं तिनं फोन बंद केला, तर फोनच हाताला चिकटला. दुसऱ्या ट्रेतली बिस्किटं पसरून एकमेकांत मिसळली. टकटक केलं, तीही खणखणीत. आता तर एकच लांबरुंद फरशी.

"मला नाही जमत!" ती ओरडली. ऐकायला ओव्हन तेवढा होता. "नाही जमत तर नाही जमत. बाजारातून आणा, आणि गिळा."

ओरडून झाल्यावर दिसलं की सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेत. ओव्हनची ऊब आवडते म्हणून कधी येऊन बसले होते, देव जाणे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्हाला नाही म्हटलं हो."

"माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू ही वाजवून का बघतेस?"

"मग भाजलंय की नाही, कसं कळणार?"

"ते मला काय विचारतेस? मी आयुष्यात चहासुद्धा केला नाही." ते हनुवटी खाजवत राहिले. "पण तुझी सासू वाजवताना मला कधी दिसली नाही, एवढं खरं. तिची वाजलीच नसती."

तिच्या हातात चमचा तसाच राहिला. कडा धरल्या की काढायची. म्हणजे मधे कच्ची असताना! इतकी वर्षं कडा धरल्या की ती बघायची, आणि मधे टकटक केलं की भद्द, म्हणून ट्रे पुन्हा आत सारायची. सासूबाई सांगत होत्या एक, आणि तिचे कान ऐकत होते कारखान्याचं.

मूळ मापाचेच नवे गोळे वळून तिनं तिसरा ट्रे आत सारला. कडा धरल्या. वर भेगा पडल्या, भेगांतून ओलं पीठ चकाकत होतं. असला माल पुढे सोडायचा?

"काढ," सासरे म्हणाले.

"कच्ची आहेत हो, बाबा. बघा ना, हलतायत."

"काढ म्हणतो ना."

अगदी जिवावर आलं, पण तिनं ट्रे काढला. फुगलेली बिस्किटं बसली, सुरकुतली. तिचं बोट चमच्याकडे गेलं, तिनं ते दुसऱ्या हातानं पकडून ठेवलं. राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. गरम ट्रेवरच बिस्किटं हळूहळू धरत गेली. गार झाल्यावर एक उचललं, तर ते वाकलं. मोडलं नाही, वाकलं.

संध्याकाळी नणंद आली. फरसबंदीचा विनोद दारातच करून झाला. मग तिनं बिस्किट तोंडात घातलं. डोळे भरून आले तिचे.

"आईचं," ती म्हणाली. "अगदी आईच्या हातचं."

"आईचंच," नवऱ्यानं दुसरं उचललं.

"आजी अशी करायची?" मुलीनं विचारलं, आणि मग काय, आईच्या आठवणींचा धबधबा सुरू झाला. आई कशी पदराला हात पुसायची, आई कसे डबे लपवायची. सासऱ्यांनीही चहाला हात न लावता बिस्किट खाल्लं, डोळे मिटून, सावकाश. "हीच ती," म्हणाले.

झालं, हेच तर हवं होतं तिला. तरी ती किटली हातात धरून उभीच राहिली. सकाळपासून राबली ती, हात भाजले तिचे, आणि बिस्किटं आईची. फरश्यांना निदान तिचं नाव होतं. तेवढंही आज स्वतःच्या हातानं घालवून बसली. किटली आपटावीशी वाटली तिला.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "सकाळच्या त्या टाकल्यास का?"

"डब्यात आहेत. का?"

"एक आण."

"बाबा, दात!" नणंद किंचाळली.

तिनं डबा आणला. सासऱ्यांनी एक फरशी निवडली, कानाशी धरून बशीच्या काठावर टकटक केली. खणखणीत वाजली.

"पास," ते म्हणाले. "ती मऊ बिस्किटं तिची, छान होती. आता ही आमच्या सूनबाईची. एवढी वर्षं चहाबरोबर हीच खात आलोय, मला हिच्याशिवाय चहा जात नाही."

कुणीच हसलं नाही. तिनं डोळे पुसले नाहीत, हातात किटली होती. त्यांचा कप काठोकाठ भरून तिनं समोर सरकवला.

"गरम आहे तोवर बुडवा, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर मऊ व्हायची नाही."