बुरशीचं तेल आणि घाटकोपरचे शेठ

शेठनी बाटली उजेडात धरली. आत पिवळंधम्मक तेल. "झकास! कुठल्या झाडाचं?"

"वनस्पतीच, शेठ. प्युअर व्हेज. काय, मिस परब?" आमच्या साहेबांनी घाईघाईने सांगितलं आणि मान डोलव, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याला आमची औषधांची छोटी कंपनी होती. शेठ घाटकोपरचे होलसेलर, जैन. कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी पोटात घ्यायचं एक फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेलातला एक घटक, तेव्हा चर्चेत आला होता. तो ज्या बियांतून मिळायचा, त्यांचं तेल परदेशातून यायचं आणि परवडायचं नाही. मी तोच घटक टाकीत वाढवलेल्या बुरशीतून काढत होते. शेठनी ऑर्डर दिली तर माझा सेक्शन टिकणार, नाहीतर बंद.

सेक्शन म्हणजे मी एकटी. बाकी सगळे गोळ्या बनवणारे. मला बुरशीबाई म्हणायचे आणि कँटीनमध्ये अ‍ॅप्रनच्या वासाने लांब बसायचे. टाकीतून पहिलं तेल निघालं, तेव्हाही कुणी विचारलं नाही, की बाई गं, तू करतेस तरी काय? फार एकटं वाटायचं. घरी आई विचारायची, पण ते फक्त लग्नाचं.

आणि इथे हा माणूस चक्क विचारत होता!

"झाड नाही, शेठ. बुरशी," मी म्हटलं.

साहेबांनी टेबलाखालून पाय मारला. पण मी कसली थांबतेय? शेठना सरळ टाकीपाशी घेऊन गेले.

"या काचेतून बघा. आधी हिला साखर आणि नायट्रोजन दोन्ही द्यायचं. मग नायट्रोजन संपू द्यायचा. त्यामुळे वाढ थांबते, पण साखर खाणं चालूच. मग काय करते? अंगात चरबी साठवते. तेच आपलं तेल."

"म्हणजे ही जिवंत आहे?"

"जिवंत तर! खालून हवा सोडतो ना, नाहीतर गुदमरेल बिचारी."

"आणि तेल काढताना?"

"तेव्हा मारावी लागते."

शेठ काचेपासून मागे सरले. मग त्यांनी हात जोडले. "बेन, तुम्ही फार छान समजावलंत. पण आमच्यात लोणच्याला बुरशी आली तर आम्ही ते तोंडात घालत नाही. हे मी कुणाला देऊ?"

ते गेले आणि साहेब कडाडले, "वाट लावलीत, मिस परब! बुरशी बॉटनीच्या पुस्तकात असते ना? मग वनस्पती म्हणायला काय झालं होतं?"

"सर, त्यांनी विचारलं हो," एवढंच मला सुचलं.

सेक्शन बंद झाला. टाकीत वाफ सोडून सगळी बुरशी मारायची, तो व्हॉल्व्ह मीच फिरवला. रडू आलं. आसपास कुणी नव्हतं, त्यामुळे लपवायचीही गरज पडली नाही.

नवा माल काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात डोकावून या. आणि ज्याच्याशी कंपनीत कुणी बोलत नाही, त्याला क्लायंटसमोर बसवू नका.