वरच्या ओळीवर चढलेलं पॅडिंग

वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या बंगळुरूच्या, के. आर. पुरमच्या ऑफिसात तर निम्मे किस्से एकट्या पॅडिंगचे!

पॅडिंग म्हणजे मजकुराभोवती सोडलेली मोकळी जागा. मजकूर ब्लॉक, म्हणजे स्वतंत्र ओळ धरून बसणारा असला तर ती वरच्या-खालच्या ओळींना दूर सारते. इनलाइन, म्हणजे इतर शब्दांच्या ओळीतच बसणारा असला तर कुणाला सारत नाही, सरळ त्यांच्या अंगावर जाते.

*

आमची लीड निपाणीची, सगळ्यांची अक्का. पॅडिंग कुठवर पसरलंय ते बघायला ती त्याला भडक गुलाबी रंग देते. एकदा रंग काढायचा राहिला आणि साइट तशीच लाइव्ह गेली!

क्लायंटचा फोन आला. "मॅडम, नवीन डिझाइन मस्त! गुलाबी फक्त स्वल्प कमी करा."

*

मंदार नागपूरचा, नवीन. एका लिंकला वरून पॅडिंग वाढवत बसला होता.

"अक्का, मी देऊन राहिलो, पण ओळ हलूनच नाही राहिली!"

"तम्मा, इनलाइन आहे ते. छतापर्यंत दिलंस तरी हलणार नाही. इनलाइन-ब्लॉक कर, मग सरकेल!"

*

हेच मी फोनवर आईला समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा! पेपर उघडला की माझ्या ताटावर."

*

पण खरा किस्सा मंदारच्या डेमोचा. त्याला कायम करायचं की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. आईवडिलांना इकडे आणायचं म्हणून त्याने घरही बघून ठेवलं होतं. आम्हालाच जास्त धाकधूक!

क्लायंट म्हणजे देवनहळ्ळीला प्लॉट विकणारे एक अण्णा. प्लॉट बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या पानावर वर 'भेट रद्द करा', त्याखाली 'भेट पक्की करा'. अण्णांनी 'रद्द' दाबलं.

'अभिनंदन! तुमची भेट पक्की झाली.'

पुन्हा दाबलं. पुन्हा अभिनंदन!

मंदार पांढराफटक पडला. खालच्या लिंकचं न दिसणारं पॅडिंग वरच्या ओळीवर चढलं होतं. 'रद्द' पूर्ण झाकलं गेलेलं, त्यामुळे कुठेही दाबा, पक्कंच!

अक्का घाईने उठली. "सॉरी अण्णा, आत्ता सरी करते, लगेच नीट करते."

"बेडा, बेडा! हात लावू नका!" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "गिऱ्हाईक नको म्हणतंय आणि भेट पक्की होतेय! माझ्या सेल्सच्या माणसांना हे अजून जमलं नाही. या पोराला सोडू नका!"